पुढच्या कॅमेऱ्याची लेन्स

प्रिय युवराज,

लेन्स घेतली. तू ज्यांच्या लिंक पाठवल्या होत्यास त्यांतली एकही नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘आई, ऐक तर’ म्हणतोस आणि मी ऐकत बसते. तू फोन ठेवलास की मग मला माझं बोलणं सुचतं. म्हणून या वेळी लिहायला घेतलं. दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक नाही. बाहेर रस्त्याच्या कडेला बालाघाटातल्या सीताफळांच्या पाट्या लागायला लागल्यात. चिनूला आवडतात म्हणून चांगली बघून ठेवते, कुणी पुण्याकडे येणारं भेटलं की धाडते. त्याच्या पडलेल्या दाताचा फोटो बघितला. प्रियदर्शनीला सांग, फोटो छान आहे, पण पोराला खिडकीकडे तोंड करून बसवायचं, पाठ करून नाही.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. आपला कॅमेरा जुना, छोट्या सेन्सरचा, दुकानदार त्याला क्रॉप म्हणतात. त्याच्याच मापाची झूम लेन्स घ्यावी. लग्नात एका जागी उभं राहिलं तरी स्टेजही येतो आणि नवरीची नथही येते. स्वस्तात पडते. हे सगळं खरं आहे, माझंही बोट आधी तिच्यावरच गेलं होतं. पण मला पुढे मोठा कॅमेरा घ्यायचाय, पूर्ण सेन्सरचा. छोट्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली लेन्स त्याच्यावर लावली तर तिचा उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. उलट मोठ्यासाठी बनवलेली लेन्स आपल्या जुन्यावर मुकाट चालते. मला आज एकच लेन्स परवडते, आणि मोठा कॅमेरा आला की पुन्हा लेन्सपासून सुरुवात करायची माझी तयारी नाही. मग जी दोन्हीकडे चालेल तीच घ्यायला हवी, असा माझा साधा हिशेब. त्यावर तू म्हणालास, ‘आई, पुढचा कॅमेरा कोण घेणार? तुझं वय काय आता?’ हसत म्हणालास. मागून प्रियदर्शनी ‘अहो’ म्हणाली, ते मला ऐकू आलं.

माझं वय चौपन्न. आपल्या धारूरच्या बाजारात या वयाच्या बायका गाभण म्हैस घेतात, ती व्यायची वाट बघतात, मग तिची पारडी मोठी व्हायची वाट बघतात, आणि त्यांना कुणी वय विचारत नाही. मला का विचारावं?

तुझे पप्पा गेले तेव्हाही लोकांनी धरलंच होतं की स्टुडिओ बंद होणार. ‘भारतचा स्टुडिओ’ म्हणून पाटी, आणि भारतच नाही. शेजारच्या कापडवाल्यानं तर तेरावं व्हायच्या आधीच निरोप धाडला होता की गाळा मोकळा करताय का. तू कॉलेजला होतास, तुला यातलं थोडंच माहीत. मी पाटी उतरवली नाही आणि नावही बदललं नाही. पप्पा बाहेर लग्नाला गेले की पासपोर्ट फोटो मीच काढायचे. हळदीला, डोहाळेजेवणाला बायका मलाच बोलवायच्या, कारण पुरुष माणूस कॅमेरा घेऊन आत आला की त्यांचे पदर आणि चेहरे दोन्ही ताठ होतात. मला काम येत होतं, म्हणून मी ते करत राहिले. त्यात शौर्य काही नव्हतं. पण माझं लग्न झालं तेव्हा माझं वय कुणी विचारलं नव्हतं, मला काय येतं तेही कुणी विचारलं नव्हतं. या दुकानात पहिल्यांदा लोक विचारायला लागले की बाई, हे तुम्हाला जमेल का. आणि मला ‘जमेल’ म्हणता यायला लागलं. ते सोडून मी पुण्यात बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसू, असं तुला खरंच वाटतं का?

असो. लेन्सचं सांगते. अंबाजोगाईला सत्तारभाईंच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. त्यांनीही तुझीच बाजू घेतली. म्हणाले, “वनमालाबाई, दारात जो घोडा हाय त्याच्या मापाचं खोगीर घ्या. उद्याच्या घोड्यासाठी आज कावून खोगीर घ्यायलात?” मी म्हटलं, “घोडा ठरलाय भाई, फक्त दारात आणायचाय.” ते हसले, पण पटलं नाही त्यांना. मग मी त्यांच्या मागे लागले की तुमच्याकडे कुणाचा मोठा कॅमेरा साफ करायला आलाय तो जरा काढा, मला डोळ्यानं बघू द्या. दारात त्यांची आई बीबीजान पेरू निवडत बसल्या होत्या. त्या मोठ्या कॅमेऱ्याला आधी ती तुझ्या पसंतीची झूम लावली आणि बीबीजानचा फोटो काढला. आडात वाकून बघावं तशा बीबीजान मधोमध दिसत होत्या आणि चारी कोपरे काळे. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, “मेरेकू बावडी में डाली क्या गे?” सत्तारभाई म्हणाले की कडा कापल्या की काम भागतं. भागतं, मला मान्य आहे. पण मोठा कॅमेरा घेऊन त्याच्या कडा कापायच्या, तर मोठा घ्यायचा कशाला?

मग उरल्या दोन. एक पन्नास एमएमची, जी सगळे नवशिके घेतात. स्वस्त, नवीकोरी, दोन्ही कॅमेऱ्यांवर चालणारी. पण आपल्या क्रॉपवर ती फार जवळचं दाखवते. आपल्याकडच्या खोल्या तुला माहीत आहेत. पाठ भिंतीला टेकली तरी नवरी अर्धीच येते. दुसरी पस्तीसची, जुनी, कुणा छत्रपती संभाजीनगरच्या माणसानं विकायला ठेवलेली. बाहेरून ओरखडा आहे, पण आतली काच मी टॉर्च मारून बघितली, बुरशीचा एक ठिपका नाही. आपल्या कॅमेऱ्यावर ती साधारण डोळ्याला दिसतं तेवढं दाखवते. उद्या मोठ्यावर लावली की अख्खी खोली घेईल. नवे कॅमेरे बिनआरशाचे येतात, त्यांचं तोंड वेगळं असतं, पण मध्ये एक कडं बसवलं की ही चालते, तेही विचारून घेतलं. पप्पांचा जुना फ्लॅश मी आता वापरतच नव्हते, तो सत्तारभाईंना दिला आणि बाकीचं रोख. झूम नाही तिला. जवळ जायचं असेल तर चालत जावं लागेल, आणि चालायला मला अजून काही होत नाही.

आपली आधीची लेन्स कशी फुटली ते मी तुला नीट कधी सांगितलंच नाही. तू दारात आलास तोवर तुझ्या कानावर सगळं आलं होतं, लोकांनी सांगितलं तसं. मग मी पण गप्प बसले. आज माझ्याकडून ऐक.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधीची गोष्ट. घाटाखालच्या एका गावातून एक माणूस आला. म्हणाला, “घरातल्या घरात कार्यक्रम हाय, पुतणीची हळद. फोटोला बाईच पायजे.” मुहूर्त नसताना कसली हळद, असं मनात आलं होतं. पण ऊसतोडीला जायच्या आधी आपल्याकडे असली लग्नं उरकतात, आणि दर वेळी पोरगी लहानच असते असं नाही. मी गेले. मागच्या खोलीत पाटावर पोरगी बसवलेली, अंगाला हळद, डोळे खाली. तिचं नाव इथे लिहीत नाही, लिहायचं नसतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तशी ती हळूच म्हणाली, “काकू, आता पण दात झाकू का?”

तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे. शाळांच्या ओळखपत्रांचं काम मी करते, तुला माहीत आहे. पांढऱ्या पडद्यासमोर पोरी ओळीनं बसतात, वेणी पुढे घेऊ की मागे ते विचारतात. तिनं दातांचं विचारलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, झाकू नको. तिला ते आठवत होतं. मी विचारलं, “कितवीत आहेस गं?” ती म्हणाली, “नववीत हाय.” मग भोवतालच्या बायकांकडे तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, “होते.”

बाळा, त्या ‘होते’नंतर माझ्याच्यानं साधे फोटो काढणं झालं नाही. पण मी काढत राहिले. तिचा चेहरा काढला, बाहेर मांडव काढला, नवरदेवाकडची मंडळी काढली, कारखान्यावर न्यायला दारात बांधून ठेवलेली भांडी काढली. लग्नाची घाई कसली ते चुलत्यानंच सांगितलं. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते, तिला कोयता म्हणतात, आणि एकट्या गड्याला मुकादम धरत नाही. तो म्हणाला, “कोयता लागायलाय बाई, आठ दिवसांत निघायचंय.” इतक्या सरळपणानं म्हणाला की मला आधी रागही आला नाही. राग नंतर आला. मागं शेळ्यांच्या गोठ्याकडे गेले आणि एक शून्य नऊ आठला, लहान मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. माझं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. मग कार्ड काढून ब्लाउजमध्ये ठेवलं, कॅमेऱ्यात रिकामं घातलं, आणि परत आत जाऊन फोटो काढायला लागले. थांबले असते तर कुणाला तरी शंका आली असती. बायका गाणी म्हणत होत्या. मला म्हणाल्या, “फोटोवाले काकू, तुमी पण हळद लावा की.” मी लावली. त्या पोरीच्या गालाला माझ्या हातानं हळद लावली, युवराज, आणि ती वर बघत नव्हती.

ग्रामसेवक आणि पोलीस आले तेव्हा आधी कुणाला काही कळलंच नाही. चुलत्याला मात्र कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याचा पट्टा धरून ओढला. उंबऱ्यावर आपटला कॅमेरा. लेन्सचा पुढचा भाग फुटला, कॅमेरा वाचला. लोकांनी तुला ‘पडली’ म्हणून सांगितलं ती लेन्स हीच. पोरीला जीपमध्ये बसवलं तेव्हा ती रडत होती. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिच्यावर उपकार केले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्यासमोर एक पोरगी ‘हाय’ची ‘होते’ झाली होती, आणि माझ्याकडे फोन होता. एवढंच.

पुढचं तू बघितलंस. केस झाली, साक्षीदारांत माझं नाव लागलं. नवरदेव शिवशंकर अण्णांच्या भावकीतला निघाला. अण्णांना मतं कुठून येतात, कुठल्या गावात कोण त्यांचं ऐकतं, ते तुला मी सांगायला नको. त्यांनी उघड काहीच केलं नाही. फक्त दिवाळीनंतरच्या बुकिंगवाल्यांचे एकेक फोन आले. “पावण्यांनी दुसरा फोटोवाला आणलाय.” “आमी मोबाइलवरच काढायलो.” फोटोवाल्यांच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं, आणि ज्यांना पप्पांनी कॅमेरा धरायला शिकवलं होतं त्यांच्यातलं कुणी काही बोललं नाही. बाजारात माझ्यामागे म्हणायचे, “फोटोवाली आली की लग्न मोडून जाती.” तू आलास, शटरला नवं कुलूप लावून दिलंस, रात्री मला एकटीला झोप लागते का म्हणून दोनदा उठून बघितलंस. ते मी विसरलेले नाही. तुझी भीती मला कळते. तू लांब असतोस, इथे मी एकटी, आणि अण्णांचा पुतण्या बुलेट घेऊन दुकानासमोरून दिवसातून किती वेळा जातो ते तू बघून गेलास.

पण दुकान चाललं, बरं का. डबक्यातल्या पाण्यासारखं, पण आटलं नाही. पप्पांच्या कपाटात एक जुनी लेन्स होती, फोकस अडकलेली. ती हातानं फिरवून मी पूर्ण सीझन काढला. एका मुख्याध्यापकानं ओळखपत्रांचं काम काढून घेतलं, दुसऱ्या शाळेच्या बाईंनी मुद्दाम बोलावून दिलं. मोहल्ल्यातल्या बायकांनी तर अण्णांचं नावही कधी काढलं नाही. त्यांना मेहंदीला, मंगनीला बाईच लागते, आणि मी त्यांची बाई आहे.

आणि जूनमध्ये एक दिवस दुकानात चंद्रभागाबाई आल्या. त्या पोरीची आजी. पोरीचा हात धरून आणलं होतं. आल्या आल्या स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “तू आमच्या घराचं वाटोळं केलंस. माझा ल्योक कोर्टाच्या पायऱ्या झिजवायलाय.” मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. मग त्याच आवाजात म्हणाल्या, “हिचा फोटो काढ. अंबाजोगाईला होस्टेलला घातलीय, तिथं पायजे. दहावीला हाय आता.” मी पडदा सोडला. पोरगी बसली, उंच झालीय. फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, “दुसरा काढा काकू. ह्यात मी भ्याल्यावानी दिसायले.” दुसरा काढला. तोही तिला पटला नाही. तिसऱ्याला म्हणाली, “हां, हा ऱ्हाऊ द्या.” मी पैसे घेत नव्हते तर आजीनं नोट टेबलावर आपटली. “घे. तुझे उपकार नकोत आमाला.” दोघी गेल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मला रडू आलं असेल असं तुला वाटेल. तसं नाही. मला फार भूक लागली होती. समोरून भजी आणून खाल्ली.

लेन्स आणली त्याच आठवड्यात सत्तारभाईंच्या लेकीचा, हीनाचा निकाह होता. तिनं बीएड केलंय, मुलगा स्वतः बघितला, दोनदा नाही म्हणून तिसऱ्याला हो म्हणाली, आणि हे सगळं तिनं मला मेहंदीचा हात पुढे धरून स्वतः सांगितलं. बायकांची खोली केवढीशी, एक ट्यूबलाइट, माणसं एकावर एक. जुन्या लेन्सवर मी फ्लॅश मारत बसले असते आणि सगळ्यांचे चेहरे पिठासारखे झाले असते. या पस्तीसच्या काचेत उजेड भरपूर येतो. माझा फ्लॅश पिशवीतून काढलाच नाही. हीना तिच्या अम्मीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी एकदम हसल्या, तो फोटो मला मिळाला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांना माझं भानही नव्हतं. सत्तारभाईंनी फोटो बघितले आणि म्हणाले, “खोगीर बरंय.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. तुलाही ते फोटो पाठवणार होते. मग थांबले, कारण त्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा दुकानात आले.

वर्षभरात पहिल्यांदा स्वतः आले. गाडी लांब उभी केली, एकटेच आत आले, चंद्रभागाबाई बसल्या होत्या त्याच स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. म्हणाले, “वहिनी, नवी लेन्स आणली म्हणं. चांगलं झालं. धंदा वाढवा. आमच्या धाकटीचं लग्न हाय फेब्रुवारीत, फोटो तुमीच काढा.” मी म्हटलं, बघू. मग पप्पांची आठवण काढली, भारत लई सरळ माणूस होता म्हणाले. चहा आला. कप हातात घेऊन अगदी सहज म्हणाले, “युवराजशी बोलणं झालंय माझं. शहाणं पोरगं हाय. म्हणला, अण्णा, आईला वर्षामागचं आता कुठं नीट आठवणार. मी सांगतो तिला.”

मी त्यांच्याकडे बघत होते आणि तुझे एकेक फोन मला आठवत होते. गणपतीच्या आधी तू म्हणालास, “आई, तू हल्ली विसरायला लागलीस.” मी गॅस बंद केलाय का ते दोनदा बघते म्हणून तू काळजी करतोस, असं मला वाटलं. मग म्हणालास, पुण्याला एका डॉक्टरांना दाखवू. मग म्हणालास, मोठ्या कॅमेऱ्याचं वेड सोड, साधी लेन्स घे, वर्षभर वापर, मग इकडेच यायचंय तुला. मी लेन्सवरून तुझ्याशी भांडत बसले, आणि तू माझ्याशी लेन्सबद्दल बोलतच नव्हतास. मी अण्णांना म्हटलं, “चहा घ्या, गार व्हायलाय. साक्षीच्या तारखेला मी येणार आहे.” त्यांनी कप ठेवला. “पोराचा विचार करा वहिनी,” म्हणाले, आणि गेले. धमकी होती का? असेल. मी मात्र त्यांनी सांगितलं तेच केलं, तुझाच विचार केला. ते गेल्यापासून तुझाच विचार करत बसलेय.

मी तुझ्यावर चिडलेय, पण तुला वाईट समजत नाही. माझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून तू ते कबूल केलंस, हे मला दिसतं. पण मला शहाणी ठेवून वाचवता येईना, म्हणून वेडी ठरवून वाचवायला निघालास, हे मी चालवून घेणार नाही. येत्या मंगळवारी अंबाजोगाईच्या कोर्टात माझी साक्ष आहे. सकाळच्या एसटीनं जाईन, सत्तारभाई आणि हीनाची अम्मी स्टँडवर येणार आहेत. तिथे मी सगळं सांगणार आहे, पोरगी काय म्हणाली, कोण कुठे उभं होतं, पट्टा कुणी ओढला. तुझ्या शब्दाचं अण्णांपुढे काय होईल ते मला माहीत आहे. तू माझ्या नावानं शब्द दिलास आणि तो मी मोडणार आहे. मोडल्यावर तुला तिसऱ्याच कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र लिहिलं. तुला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर मंगळवारच्या आत अण्णांना तूच फोन कर आणि सांग, माझ्या आईला सगळं आठवतं. नाही केलास, तर मंगळवारी त्यांना मी सांगेन.

तुझीच, अजून धारूरचीच,
आई